संस्थेचा ईमेल नव्या कंपनीकडे हलवताय? आधी मेल कुठं उतरणार ते ठरवा

शेतकरी उत्पादक कंपनी, दूध संस्था, पतसंस्था… वेबसाइट काढताना अनेकांनी संस्थेच्या नावाचा ईमेलही घेतला. होस्टिंगबरोबर तो बहुतेकदा फुकटच मिळतो. पुढे जागा भरते, पाठवलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात, आणि मग गूगल वर्कस्पेस किंवा झोहो मेलवर जायचं ठरतं. पत्ता तोच राहतो, सर्व्हर मात्र बदलतो. जुने मेल नव्या जागी कॉपी करणं त्या मानानं सोपं. बदलाच्या दोन-चार दिवसांत येणारा नवा मेल कुठं उतरणार, खरी अडचण तिथं आहे.

आणि ती महागात पडू शकते. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीतल्या ईमेलवर नोटीस पाठवणं ही नोटीस बजावण्याची मान्य पद्धत आहे. ‘आम्हाला मेल मिळालाच नाही’ हे नंतर कोणाला पटवणार?

मेलचा पत्ता दाखवणारी पाटी म्हणजे डोमेनमधला एमएक्स रेकॉर्ड. ‘या संस्थेचं टपाल अमुक सर्व्हरवर टाका’ एवढंच तो सांगतो. तो बदलायला डोमेनचं लॉगिन लागतं. इथंच गाडी अडते! वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं आणि तो आता पुण्याला नोकरीला असतो. त्यामुळं बाकी काही करण्याआधी लॉगिन संस्थेच्या ताब्यात घ्यावं.

दुसरं म्हणजे टीटीएल. जुनी पाटी इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची, तो हा आकडा. तो ८६४०० सेकंद असेल तर बदलानंतरही एक दिवस काही मेल जुन्या सर्व्हरवर जात राहतात. म्हणून दोन दिवस आधीच तो ३०० किंवा ३६०० करून ठेवतात.

एमएक्स बदलण्याआधी सगळ्यांची खाती नव्या जागी तयार हवीत. अध्यक्ष, सचिव, हिशोबनीस, सगळ्यांची. सर्व्हर थोडा वेळ बंद असला तर पाठवणारा सर्व्हर साधारणपणे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण सर्व्हर चालू आणि खातंच नाही, असं झालं तर मेल तिथल्या तिथं परत जातो. निम्मी माणसं आधी आणि निम्मी नंतर हलवायची असतील, तर ‘इथं खातं नसेल तर मेल जुन्या सर्व्हरकडे दे’ अशी सोय नव्या सेवेत लावता येते. मात्र जुन्यानंही तोच मेल पुन्हा नव्याकडे ढकलायला नको. नाहीतर तो दोघांमध्ये चकरा मारत बसतो आणि शेवटी परत जातो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वेगळ्याच जागी. बाहेरचे सगळे मेल नव्या जागी येऊ लागतात, पण आपल्याच वेबसाइटवरचा चौकशी फॉर्म गप्प होतो. कारण जुन्या होस्टिंगला वाटतं, हे डोमेन अजून माझ्याच घरचं आहे. बाहेर विचारायला न जाता तो मेल जुन्याच खात्यात टाकून मोकळा होतो. त्याच सर्व्हरवर दुसऱ्या एखाद्या संस्थेची वेबसाइट असेल तर तिचे मेलही तसेच अडकतात. सीपॅनेल असेल तर त्यातल्या ‘ईमेल राउटिंग’मध्ये ‘लोकल’ काढून ‘रिमोट’ निवडलं की हे सुटतं. काम अर्ध्या मिनिटाचं, पण माहीत नसेल तर महिनाभर खरेदीदारांच्या चौकशा कोणी न उघडलेल्या खात्यात पडून राहतात.

पाठवणाऱ्या बाजूला एसपीएफ रेकॉर्ड बघावा. त्यात नवी सेवा घालायची, आणि वेबसाइट जुन्या सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर तोही ठेवायचा. मात्र दोन्ही एकाच ओळीत. दोन वेगळे एसपीएफ रेकॉर्ड ठेवले तर तपासणीत चूक निघते. नव्या सेवेची डीकेआयएम चावीही डोमेनमध्ये घालावी.

दिवस निवडताना दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांनी २० तारखेच्या आसपास हे काम काढू नये, ओटीपी त्याच ईमेलवर येतात. बदलानंतर जीमेलवरून एक, दुसऱ्या एखाद्या सेवेवरून एक आणि वेबसाइटच्या फॉर्ममधून एक, असे तीन मेल पाठवून बघावेत. जुनी खाती निदान पंधरा दिवस चालू ठेवून रोज एकदा उघडावीत, चुकून तिकडं उतरलेला मेल तेवढ्यात सापडतो.