सुतळीच्या गाठीतून यक्षी!

मैत्रिणींनो, मॅक्रमचा क्लास तुमच्यापैकी कितीजणींनी केलाय? आमच्या गावात एके काळी घरोघरी मॅक्रमची तोरणं, कुंड्यांची शिंकाळी लटकत असायची. मीही भरपूर केली. गाठी आवळून बोटं सोलवटायची, पण बघणारे म्हणायचे, "छान आहे हो टाइमपास!" कला म्हणायला कुणी तयारच नसे. म्हणूनच मृणालिनी मुखर्जी यांच्याविषयी वाचलं, तेव्हा ही बाई मला अगदी आपली वाटली.

त्यांचा जन्म 1949 चा, मुंबईतला. आई लीला शिल्पकार, वडील बिनोदबिहारी नामवंत चित्रकार. मध्यम वयात वडिलांची दृष्टी गेली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. बडोद्याला मृणालिनींना के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे गुरू मिळाले. लोककला खालची आणि चित्र-शिल्प वरचं, असा भेद न मानणारे.

मृणालिनींनी हाती घेतली ती साधी, जाडीभरडी दोरी. ती रंगवायची आणि गाठीवर गाठ मारत जायचं. माग नाही, आधी काढलेलं चित्र नाही. काम पुढे सरकेल तसा आकार सुचायचा. वजन पेलायला धातूचा आधार. एकेका शिल्पाला महिनोन्महिने लागत. पण त्यातून उभं काय राहिलं? 'यक्षी' (1984), 'वनश्री' (1994) अशा भल्याथोरल्या मूर्ती! दोरीच्या घड्यांत कधी पाकळी दिसते, कधी देह.

"हे तर हस्तकलेचं काम," म्हणणारे त्यांनाही भेटलेच. त्या मात्र थांबल्या नाहीत. नव्वदच्या दशकात माती भाजून शिल्पं केली, पुढे मेणाला आकार देऊन कांस्य ओतलं. वयाची पन्नाशी उलटल्यावर नवं माध्यम! 2015 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्याच दिवसांत त्या गेल्या. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांची शिल्पं मांडली. तीच दोरी, त्याच गाठी!

आपण सगळ्याजणी काही मृणालिनी होणार नाही. पण एक करता येईल. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकार सही करतो ना? तशी पुढच्या तोरणाच्या, गोधडीच्या मागे बारीक टाक्यांनी आपलं नाव आणि साल घाला. मी सुरुवात केलीय.