दुकान आहे, पण शोधात सापडते का?

नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याजवळ ट्रक बिघडला, तर आजचा चालक पाटी शोधत फिरत नाही. मोबाईल काढून 'जवळचा डिझेल मेकॅनिक' असे बोलतो आणि गूगल ज्यांची नावे दाखवील त्यांनाच फोन लावतो. हाताला हुन्नर असूनही ज्याचे नाव तिथे नाही, त्या मिस्त्रीचा धंदा दुसरीकडे जातो.

हे नाव लावायला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट आमच्या अनेक व्यापारी बांधवांना अजून ठाऊक नाही. 'गूगल बिझनेस प्रोफाइल' ही नोंद मोफत आहे. २०१४ मध्ये ती 'गूगल माय बिझनेस' या नावाने सुरू झाली, २०२१ मध्ये नाव बदलले. खात्री पटवण्यासाठी पाटी, रस्ता आणि आतले काम दिसेल असा छोटा व्हिडिओ बहुधा मागतात.

आता एक दुकान वर आणि दुसरे खाली का? गूगल स्वतः तीन कारणे सांगते: विचारलेल्या शब्दांशी मेळ, अंतर आणि दुकानाचा लौकिक. अंतर आपल्या हाती नाही. मेळ मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि नेमके तिथेच आपण कमी पडतो. गादीवाल्याचे उदाहरण घ्या. नोंदीत दुकानाचे नाव आणि फोन, बस्स! अहो, गिऱ्हाईक तुमचे नाव शोधत नाही, काम शोधते. आधी धंद्याचा प्रकार अचूक निवडा. मग सेवांच्या यादीत गादी भरणे, कापूस पिंजणे, रजई, उशा, सोफा दुरुस्ती असे एकेक काम लिहा. कोणी 'गादी' म्हणतो, कोणी 'गद्दा', कोणी 'मॅट्रेस'. स्वतःची वेबसाइट असेल तर साध्या वाक्यांत तिन्ही शब्द येऊ द्या. गावांचेही तसेच. पांढरकवडा हे गाव, पण तालुका केळापूर. दोन्ही नावे लिहावीत. मात्र दुकानाच्या नावात हे शब्द कोंबू नका. पाटीवर आहे तेच नाव द्यावे असा नियम आहे. तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते.

'वर्षाचे इतके हजार भरा, पहिला नंबर देतो' असे फोन येतात. सावध राहा. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने लिहून ठेवले आहे. पैसे भरून वर दिसते ती जाहिरात. पैसे थांबले की तीही थांबते. काही एजंट शेकडो भिकार वेबसाइटवरून आपल्याकडे दुवे विकत घेतात. एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' बदलापासून अशांना गूगल खाली ढकलत आले आहे. एजंट ठेवायचाच असेल तर नोंद आपल्याच ईमेलवर करा, त्याला फक्त व्यवस्थापक नेमा. नाहीतर भांडण झाले की दुकान तुमचे आणि चावी त्याची!

प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तो पत्ता कार्डावर किंवा पिशवीवर छापला असेल तर आता खोडा.

वेळाही पाहा. जुम्म्याला दुपारी दुकान बंद असते, रमजानमध्ये वेळ बदलते, ईदला सुट्टी. तिथे बदल न केल्यास दिग्रसहून आलेले गिऱ्हाईक कुलूप पाहून परत जाते, आणि जाताना एकच तारा देऊन जाते.