दाताचा खर्च आणि भोर-वेल्हे

कीड वरवर असते तोवर दात साफ करून कॉम्पोझिट भरले की एका बैठकीत काम भागते. ती नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल आणि वर कॅप. झिरकोनियाची कॅप दिसायला छान, पण महाग. मागच्या दाढेला धातूची कॅप भक्कम पुरते, तिथे कोण बघायला येतंय! दात काढावाच लागला तर कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू; स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला तो बसवला. हाडाने स्क्रू पक्का धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. तंबाखू चालूच राहिला तर इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.

भोर-वेल्ह्याच्या लोकांनी स्वस्तात उपचारासाठी आधी भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. मोठ्या कामासाठी पुण्यात कात्रजजवळच्या धनकवडीचे भारती विद्यापीठ दंत महाविद्यालय सोयीचे, कारण स्वारगेटची एसटी कात्रजवरूनच जाते. महाविद्यालयात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी, फेऱ्या मात्र जास्त. निघण्यापूर्वी ओपीडीची वेळ फोनवर विचारून घ्यावी.