घाटघरचे धरण आणि सिमेंटमधील राख

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर हे गाव वसले आहे. या परिसरात दोन भिन्न काळांतील धरणे पाहावयास मिळतात. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे धरण दगड आणि चुना यांचे आहे. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणे मात्र काँक्रीटची आहेत. त्यांपैकी एक कमी उंचीचे धरण कड्याच्या माथ्यावर प्रवरेच्या उगमाकडे आहे, तर सुमारे ८६ मीटर उंचीचे दुसरे कड्याखाली ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहे. मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवावयाचे व मागणी वाढताच ते खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना २००८ साली कार्यान्वित झाली. रोलरने दाबून बसविलेल्या काँक्रीटची भारतातील ही पहिली धरणे होत. या काँक्रीटच्या बंधक द्रव्यात सिमेंटपेक्षा औष्णिक केंद्रातील राखेचाच वाटा अधिक आहे. ही गोष्ट अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणास ठाऊक नाही.

राखेला एवढे महत्त्व का द्यावयाचे, हे कळण्यासाठी सिमेंट कसे तयार होते ते पाहिले पाहिजे. चुनखडी व माती यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले म्हणजे क्लिंकर नावाचे कठीण गोळे तयार होतात. ते थोड्या जिप्समसह दळले की सिमेंट होते. भट्टीच्या कोळशातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे उघडच आहे. परंतु त्याहून अधिक वायू खुद्द चुनखडीतून निघतो. शुद्ध चुनखडी भाजली असता तिच्या वजनाचा ४४ टक्के भाग वायुरूपाने उडून जातो. भट्टी कितीही सुधारली तरी हा भाग टळत नाही. जगात मनुष्याच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. तेव्हा क्लिंकर कमी लागेल अशी योजना करणे, हाच खरा उपाय होय.

राख नेमके हेच करते. सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना चुना मोकळा होतो आणि राखेतील सिलिका त्या चुन्याशी हळूहळू संयोग पावून तसेच बंधक द्रव्य निर्माण करते. आपल्या जुन्या गवंड्यांना हे तत्त्व वेगळ्या रूपात माहीत होते. चुन्याच्या घाणीत ते विटांची सुरखी मिसळत, ती याच कारणासाठी.

घाटघरच्या अभियंत्यांनी राख स्वीकारली ती प्रथमतः निसर्गासाठी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. काँक्रीटचा मोठा साठा घट्ट होत असताना आतून तापतो व पुढे निवताना त्याला तडे जातात. राखेमुळे ही उष्णता कमी होते. शिवाय कोरडसर काँक्रीट थरांनी पसरून रोलरने दाबल्यास काम झपाट्याने उरकते. ज्या भागात पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ अशक्य असते, तेथे हा लाभ लहान नव्हे. मात्र राख वापरल्याने धरण निसर्गाला निर्दोष झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. जलाशयाखाली गेलेले रान राखेने परत येत नाही.

अकोल्यात चुनखडीच्या खाणी नाहीत. हा सारा काळ्या पाषाणाचा प्रदेश आहे. येथे लागणाऱ्या सिमेंटची चुनखडी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना भाग किंवा कर्नाटकातील कलबुर्गी यांसारख्या ठिकाणी खणली जाते. म्हणजे येथील रस्त्यात वाचलेले क्लिंकर दूरच्या एखाद्या टेकडीवरील माती व झाडोरा वाचविते. राखेचा पुरवठा मात्र कोळशाच्या विजेवर अवलंबून आहे. ती कायम मिळेल असे मानून चालणार नाही. म्हणूनच भाजलेली चिकणमाती व कच्ची चुनखडी मिसळलेल्या सिमेंटला भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली स्वतंत्र मानक दिले, ही घटना महत्त्वाची आहे.

ग्रामपंचायतीच्या कामांशी याचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच येईल. बाजारात पीपीसी म्हणून मिळणाऱ्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते आणि शाळेची खोली, गटार, सिमेंट बंधारा यांना ते चालते. अडचण येते ती पाणी मारण्यात. राखेचा संयोग सावकाश होतो, म्हणून आय. एस. ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटच्या कामास किमान सात दिवस, तर राखमिश्रित सिमेंटच्या कामास किमान दहा दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवस पाणी द्यावे, असे सांगितले आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीत हे अवघड असते. अशा वेळी ओले गोणपाट अंथरल्यास थोड्या पाण्यात काम भागते. पाण्यावाचून सोडलेला रस्ता लवकर उखडतो आणि तेच सिमेंट दुसऱ्यांदा ओतावे लागते. निसर्गाची याहून मोठी हानी दुसरी नाही.

सिमेंटइतकाच विचार खडी आणि वाळूचा झाला पाहिजे, कारण काँक्रीटचा बहुतांश भाग त्यांचाच असतो व तो जवळपासच्याच डोंगरांतून आणि नदीपात्रांतून येतो. प्रवरा व मुळा या दोन्ही नद्या याच तालुक्यात उगम पावतात. पात्रातील वाळू उपसली की माशांची अंडी घालण्याची जागा जाते आणि काठच्या विहिरींची पातळी उतरते. दगड दळून केलेल्या वाळूस आय. एस. ३८३ या मानकाची मान्यता आहे. अंदाजपत्रकातच तिचा उल्लेख केल्यास नदीवरील भार हलका होतो. मिक्सर धुतलेले पाणी ओढ्यात सोडणे तर कटाक्षाने टाळावे. ते चुन्याच्या निवळीप्रमाणे तीव्र अल्कधर्मी असते आणि लहान ओढ्यातील मासे व बेडूक मारण्यास पुरेसे ठरते. एक खड्डा खणून त्यात ते मुरू द्यावे.

भंडारदऱ्याचा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. मृगाच्या आधी येथे झाडे काजव्यांनी उजळतात व ती शोभा पाहण्यास मोठी गर्दी होते. त्या काजव्यांच्या अळ्या महिनोन्‌महिने ओलसर मातीत आणि पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, हे पाहुण्यांना सहसा माहीत नसते. ओढ्याचा काठ, झाडाचा बुंधा आणि पायवाट सरसकट काँक्रीटने झाकली तर ही ओल नाहीशी होते. वाडीकडे जाणारा रस्ता जरूर पक्का व्हावा. रुग्णास डोलीतून नेण्याची पाळी कोणावरही येऊ नये. परंतु वाहनतळासाठी सांधे मोकळे ठेवून दगड बसविणे हाही पर्याय आहे आणि तो बहुधा स्वस्त पडतो.

खाणींच्या बाबतीत तर कायद्यानेच गावाच्या हाती अधिकार दिला आहे. तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात दगड, मुरूम यांसारख्या गौण खनिजांचा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक असते. असा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आला म्हणजे सदस्यांनी जागेवर जाऊन पाहावे: खाणीच्या खाली झरा आहे काय, सुटलेला राडारोडा कोणत्या नाल्यात जाईल, वरची माती वेगळी साठविण्यास जागा आहे काय, आणि काम संपल्यावर खड्डा कोण व कसा बुजविणार. ही उत्तरे ठरावाच्या मसुद्यात लिहून घेतल्याशिवाय शिफारशीवर सही करू नये.