टेकडीवरची सायकलमंडळी

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर होते, हे सांगताना जुन्या पुणेकराचा आवाज अजूनही एक पट्टी वर चढतो. आणि का चढू नये? कचेरीला जायला सायकल, कॉलेजला जायला सायकल, मंडईतून भाजी आणायला सायकल. पुढच्या दांड्यावर चिरंजीव आणि मागे कॅरिअरवर सौभाग्यवती, असा सहकुटुंब प्रवासही तिच्यावरूनच होत असे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली, की पोलीसदादा शिट्टी फुंकीत. या सायकलीला एकच गोष्ट मानवत नसे, ती म्हणजे चढ. टेकडी आली की मालकाने खाली उतरायचे आणि हँडल धरून तिला मुकाट्याने वर न्यायचे, हा शिरस्ता होता.

वाचकहो, तो शिरस्ता आता मोडला आहे. रविवारी पहाटे पाषाण, बावधन किंवा सिंहगड रस्ता या बाजूला गेलात, तर जाड टायरांच्या सायकलींवर हेल्मेट घातलेली दहा-पंधरा मंडळी अंधारातच डोंगराच्या दिशेने जाताना दिसतील. त्यांत सर्वांच्या मागे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ धापा टाकीत जाताना दिसले, तर हाक मारायला हरकत नाही. तो मीच.

मी या मंडळींत सामील झालो तो काही शौर्य गाजवण्यासाठी नव्हे. माझ्या रक्तातली साखर फराळाची वाट न पाहताच वाढू लागली होती. डॉक्टर म्हणाले, "रोज हालचाल हवी. चाला, पोहा, सायकल चालवा, काहीही करा." चालण्याचा मला कंटाळा आणि पाण्याची भीती, उरली सायकल. आमच्या सोसायटीतला एक इंजिनिअर मुलगा दर रविवारी चिखलाने माखून घरी येत असे. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "या की काका! आमच्या क्लबात तुमच्याहून मोठी माणसं आहेत." सौ. नुसतीच माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जा. पण हाडं मोडून आलात, तर आंघोळ कोण घालणार, ते आधी ठरवून जा."

आमचा क्लब म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. कचेरी नाही, पाटी नाही. अध्यक्ष म्हणावेत असे एक निवृत्त शिक्षक आहेत. तांत्रिक शाळेत लेथ मशीन शिकवण्यात त्यांची उमर गेली. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणतात. त्यांच्याखेरीज दोन डॉक्टरीणबाई, एक वकील, संगणकाच्या कंपन्यांतली बरीच मुले-मुली, एक छापखानेवाले आणि एक गृहिणी. या बाई घाट चढताना अशा काही पुढे निघून जातात, की तरुण मंडळी खाली माना घालून पायडल मारतात. वर्गणी नावापुरती, तिच्यातून प्रथमोपचाराची पेटी भरायची आणि चहा प्यायचा.

ही डोंगरी सायकल असते तरी कशी? मास्तरांनी पहिल्याच दिवशी ती मला उलटी करून समजावून दिली. "हे पाहा, पुढच्या चक्राला ३२ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५१. म्हणजे तुम्ही पायडलाचा एक पूर्ण फेरा मारलात, तरी मागचे चाक पाऊण फेरासुद्धा फिरत नाही. आपली जुनी काळी सायकल घ्या. तिचे चाक एका फेऱ्यात जवळजवळ अडीच वेळा फिरते. म्हणून ती सपाटीला पळते आणि चढावर रुसते. ही मुंगीच्या चालीने चालते, पण चढते." टायर रुंद, त्यांवर रबराचे खडे, आणि हवा मुद्दाम कमी. हवा कमी असली की टायर दगडाला धरून बसतो. पुढच्या दांड्यांत धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा, आणि ब्रेक चाकाच्या कडेला न लागता मध्यावरच्या पोलादी चकतीला लागणारे.

ब्रेकवर हात ठेवून मास्तर म्हणाले, "या सायकलीचा जन्मच ब्रेकच्या पायी झाला आहे बरं का!" आणि त्यांनी गोष्ट सांगितली, ती अशी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तेथील काही तरुणांना १९७०च्या दशकात एक छंद लागला. १९३०-४०च्या सुमारास बनलेल्या जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली भंगारातून आणायच्या आणि त्यांवरून डोंगर उतरायचा. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका डोंगरी रस्त्यावर रीतसर शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि तो पायडल उलटे दाबून लागे. उतरता उतरता तुंबा इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई. प्रत्येक खेपेनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे 'रीपॅक'. म्हणून त्या शर्यतीचे आणि उताराचे नावच 'रीपॅक' पडले. पुढे त्याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने डोंगरासाठी खास सांगाडे बनवले. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली अशा सायकली विकण्याचा धंदा मांडला. १९८१पासून कारखान्यात त्या मोठ्या संख्येने बनू लागल्या आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. मित्रांच्या एका टोळक्याचा रविवारचा उद्योग वीस वर्षांत ऑलिंपिकला पोहोचला!

"तात्पर्य काय?" मास्तर शाळेतल्या सवयीने म्हणाले, "चढणे पायांचे काम आहे, उतरणे डोक्याचे, आणि थांबणे मनाचे. पहिली दोन महिन्याभरात येतात."

हे तिसरे काम क्लबात कसे शिकवतात, ते मला बोपदेव घाटात कळले. कोंढव्याच्या पुढचा हा घाट मोटारीतून जाताना चार वळणांचा वाटतो. सायकलीवरून तो संपता संपत नाही. मला सामील होऊन तीन आठवडे झाले होते. पुढची मंडळी दिसेनाशी झाली. मी एका वळणावर दगडावर बसलो आणि परत फिरावे असा विचार करू लागलो. तोच मागून छापखानेवाले आले. ते आमच्यातले चांगले चालवणारे. मग माझ्या मागे कसे? ते म्हणाले, "आज मी शेपूट आहे." आमच्या क्लबात दर फेरीला एकजण 'शेपूट' असतो. त्याने शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचे. पंक्चर काढायचे सामान, हवेचा पंप आणि औषधे त्याच्यापाशी. पुढच्यांनी प्रत्येक फाट्यावर थांबायचे आणि शेपूट येऊन पोहोचल्याखेरीज हलायचे नाही. हा नियम कोणासाठीही मोडत नाही.

छापखानेवाले माझ्याशेजारी दगडावर बसले. "चला" म्हणाले नाहीत, की धीर दिला नाही. छापखान्यात कागदाचे भाव कसे वाढले, ते सांगत राहिले. दहा मिनिटांनी मी आपण होऊनच उठलो. वर पोहोचलो तेव्हा मंडळी गार वाऱ्यात कुडकुडत उभी होती. कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. त्या दिवशी मला वाटले, की येथे आपला निभाव लागेल.

पण सगळ्याच गोष्टी चहावर मिटणाऱ्या नसतात. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्यातला एक कॉलेजचा मुलगा मुरमाच्या पायवाटेवरून खाली येताना पडला. उतरताना बैठकीवरून अंग उचलून मागे न्यावे, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवावीत, पुढचा ब्रेक एका बोटाने हलकेच दाबावा, हे त्याला उत्तम ठाऊक होते. पण मित्राच्या पुढे जाण्याच्या भरात त्याने ब्रेक करकचून दाबला आणि सायकलीने त्याला डोक्यावरून फेकून दिले. हेल्मेटला तडा गेला, डोके वाचले. खांद्याजवळचे गळपट्टीचे हाड मात्र मोडले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्रिकोणी पट्टीची झोळी करून हात गळ्यात बांधला. दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार देत त्याला रस्त्यापर्यंत आणले आणि मास्तर त्याच्याबरोबर इस्पितळात गेले.

पुढच्या रविवारी त्याची आई आमच्या चहाच्या टपरीवर आली. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, "तुम्ही सगळी मोठी माणसं. माझा एकुलता एक आहे. बरा झाला की पुन्हा येतो म्हणतो. पाठवू का नको, एवढंच सांगा."

कोणाला उत्तर सुचेना. 'काळजी करू नका' हे म्हणायला सोपे. पण डोंगरावर पडणे हे असतेच, आणि ज्याने ते नाकारले त्याच्यावर त्या माऊलीने विश्वास तरी का ठेवावा? शेवटी मास्तर म्हणाले, "बाई, तो पडणारच नाही असं वचन मला देता येत नाही. पडला तर एकटा असणार नाही, हे वचन देतो. आणि उतारावर शर्यत लावणाऱ्याला आम्ही महिनाभर शेपूट करतो, हा आजपासून नियम." ती थोडा वेळ बसली, चहा घेतला आणि निघून गेली. मुलगा चार महिन्यांनी आला. महिनाभर शेपूट राहिला आणि माझ्या मागून, माझ्याच चालीने, निमूटपणे चढला. त्या महिन्यात आमची जी दोस्ती जमली, ती आजतागायत टिकून आहे. त्याची आई अजूनही रविवारी तो घरी पोहोचेपर्यंत जेवत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

थांबण्याचा प्रश्न आपसातलाच असता, तर गोष्ट येथे संपली असती. पण डोंगर काही आमच्या क्लबाच्या मालकीचा नाही. पुण्याची वेताळ टेकडी घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, शहराच्या पोटात असलेली ही टेकडी म्हणजे पुणेकरांचे दुसरे अंगणच. पहाटे तेथे आजोबा काठी टेकीत येतात, आज्या नातवंडांना मोर दाखवतात. तिच्यातून रस्ता न्यावा की नेऊ नये, यावर शहरात वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद झाला आहे. अशा जागी वळणावरून सायकल भरधाव आली, तर म्हाताऱ्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकणार नाही काय?

मरीन परगण्यात नेमके हेच झाले. सायकली वाढल्या, तसे पायी फिरणारे आणि घोडेस्वार चिडले. १९८०च्या दशकात तेथल्या बहुतेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आली, आणि आंधळ्या वळणावर तर अवघी पाच मैलांची. ज्या गावात हा खेळ जन्मला, त्याच गावात त्याला पायवाटेवरून खाली उतरवले! मास्तर ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. ती सांगून झाली की आमचे तीन नियम येतात. पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला; तो दिसताच घंटी वाजवायची, पाय टेकायचा आणि "नमस्कार" म्हणून त्याला पुढे जाऊ द्यायचे. बंदीची पाटी असेल तेथे सायकल न्यायचीच नाही. आणि पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीच्या वाटेवर उतरायचे नाही. ओल्या वाटेवर चाकाने चर पडला की पुढच्या सरीचे पाणी त्यातूनच धावते, माती वाहून जाते आणि दोन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. म्हणून आषाढ-श्रावणात आम्ही डांबरी घाटरस्ता धरतो. भिजत सिंहगड चढायचा आणि वर पिठले-भाकरी व मडक्यातले दही खाऊन उतरायचे. माझ्या साखरेच्या डॉक्टरांना पिठले चालते. भाकरी किती खाल्ल्या, हे ते विचारीत नाहीत आणि मी सांगत नाही.

गंमत म्हणजे हे नियम टेकडीवर राहत नाहीत, घरी येतात. पूर्वी सिग्नल पिवळा झाला की मी गाडी रेटीत असे; आता आपोआप पाय ब्रेकवर जातो. सौ. बाजारात मागे राहिली, तर मी पुढच्या कोपऱ्यावर उभा राहतो. तिने एकदा विचारले, "हे काय नवीन?" मी म्हटले, "शेपूट आल्याशिवाय हलायचे नाही." त्यावर दोन दिवस घरात अबोला होता, हे सांगणे न लगे.

दिवाळीत अनेक घरी मुले गिअरच्या सायकलीसाठी हट्ट धरतील. आईबापांना माझे एवढेच सांगणे, की गिअर किती, हे दुकानदाराला मागाहून विचारा. आधी मुलाला सायकलीवर बसवून त्याचे पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहा. 'वाढत्या अंगाची' म्हणून मोठी सायकल घेऊ नका. दोन्ही ब्रेक त्याच्या बोटांना सहज पोहोचतात का ते पाहा. उरलेल्या पैशांत चांगले हेल्मेट घ्या. आणि जवळपास आमच्यासारखी मंडळी असतील, तर एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर जाऊन लांबून बघा. सर्वांत पुढे कोण आहे, इकडे लक्ष देऊ नका. सर्वांत मागे जो आहे, त्याच्यासाठी कोणी थांबले आहे का, तेवढे पाहा. थांबले असेल, तर मुलाला खुशाल पाठवा.