आपल्या माणसांची कथा कशी लिहावी?

दलित साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम कविता आणि आत्मकथन यांचे स्मरण होते. ते स्वाभाविकही आहे. परंतु दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९६३ मध्ये, बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला होता. बंधुमाधव, शंकरराव खरात, अण्णा भाऊ साठे यांनीही कथेचेच माध्यम हाती घेतले होते. आपल्या समाजाने लेखणी धरली तेव्हा तिच्यातून जे आरंभी उमटले, त्यात कथेचा वाटा मोठा होता.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज शिक्षक, परिचारिका, रेल्वे कर्मचारी, शेतकरी, अधिकारी म्हणून ठिकठिकाणी आहेत. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि अनेकांना कथा लिहावीशीही वाटते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या इच्छेचे विशेष मोल वाटते. जुन्या दप्तरांत आपल्या आजोबांचे नाव सापडले तर ते सारा, कर्ज किंवा गुन्हा यांच्या नोंदीत सापडते. ते कशाने हसत, कोणाला भीत, मुलीला सासरी पाठवताना काय म्हणत, हे कोणत्याही दप्तरात नाही. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याबरोबर जे जाईल ते पुन्हा मिळणार नाही. म्हणून कथा लिहिणे हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. मात्र ती चांगली लिहिली गेली पाहिजे. त्या दृष्टीने काही व्यवहार्य सूचना येथे करीत आहे.

भाषण नको, घटना हवी

नवोदितांच्या कथांत एक दोष वारंवार आढळतो. कथा सुरळीत चाललेली असते आणि मध्येच एखादे पात्र उभे राहून समतेवर दोन पाने बोलू लागते. विचार खरा असतो, पण कथा तेथेच थांबते. वाचक मान डोलावतो आणि विसरून जातो.

यावरचा उत्तम धडा आपल्या परंपरेतच आहे. किसा गोतमी मेलेल्या बाळाला उराशी धरून औषध मागत येते. मृत्यू अटळ आहे, हे तथागत तिला एका वाक्यात सांगू शकले असते. ते तिला मूठभर मोहरी आणावयास सांगतात, मात्र ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशाच घरातून. ती दारोदार फिरते. मोहरी प्रत्येक घरात आहे, पण मृत्यू न पाहिलेले घर एकही नाही. संध्याकाळी जे तिला कळते, ते कोणी सांगितलेले नसते. ते तिला तिच्या पायांनी कळलेले असते. कथालेखकाचे काम एवढेच आहे. निष्कर्ष त्याने आपल्याजवळ ठेवावा आणि वाचकाला दारोदार फिरवावे.

बागुलांनी हेच केले. त्यांच्या शीर्षककथेतील तरुणाला नोकरीच्या परक्या गावी राहायला खोली हवी आहे. मागणे इतके साधे आहे. पण खोली मिळवायची तर जात लपवावी लागते, आणि त्या क्षणापासून प्रत्येक हसणे, प्रत्येक आमंत्रण धोक्याचे होते. 'जातिव्यवस्था' हा मोठा शब्द एका भाड्याच्या खोलीत येऊन उभा राहतो. आपणही कथा सुरू करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझ्या पात्राला आज, या घटकेला, नेमके काय हवे आहे? खोली, दाखला, पाण्याची घागर, परीक्षेचे शुल्क, बहिणीच्या लग्नासाठी चार दिवसांची रजा. गरज जितकी लहान आणि स्पष्ट, तितकी कथा भक्कम.

तपशील नेमका असावा

पुढील दोन वाक्ये पाहा : 'सखूबाई फार गरीब होती. तिने अपार कष्ट करून मुलाला शिकवले.' यात खोटे काही नाही, पण दिसतही काही नाही. आता हेच असे लिहून पाहू : 'रविवारी सखूबाई वसतिगृहाच्या फाटकाशी आली. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांना ओरखडे पडले होते. भाकरीचे फडके तिने मुलाच्या हाती दिले आणि लगेच दोन्ही हात पदराखाली घेतले.'

दुसऱ्या परिच्छेदात 'गरीब' आणि 'कष्ट' हे शब्द नाहीत, तरी दोन्ही आहेत. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. आई आपले हात मुलापासून लपवते आहे. का लपवते, हे लेखकाने सांगितलेले नाही. वाचक ते स्वतः ओळखतो, आणि स्वतः ओळखलेले तो विसरत नाही.

तपशील नेमका असावा तसा खराही असावा. कपाशीची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. म्हणजे सखूबाईच्या बोटांवरचे ओरखडे जूनमध्ये, शाळा उघडताना, दाखवता येणार नाहीत. त्या वेळी तिचे हात पेरणीच्या मातीने भरलेले असतील. आपल्या वऱ्हाडात शेतीचे ऋतुमान ठाऊक नाही असा वाचक विरळा. एक चुकीचा तपशील आला की त्याचा सगळ्या कथेवरचा विश्वास डळमळतो.

बोली हे लेणे आहे

आपली वऱ्हाडी छापील पानावर आणायला अनेकांना संकोच वाटतो. अमरावती जिल्ह्याचेच लेखक उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातील कौतिक आणि तिची माणसे वऱ्हाडी बोलतात, म्हणूनच ती पानावरून उठून आपल्या ओसरीवर येऊन बसल्यासारखी वाटतात. 'काहून आली व माय एवढ्या उन्हात?' 'तुले पाह्याले आली बाप्पा.' या दोन वाक्यांत जी माया आहे, ती प्रमाण मराठीत उतरवून पाहा. निम्मी गळून जाते.

येथे दोन पथ्ये पाळावीत. वऱ्हाडी केवळ हसे पिकवण्यासाठी वापरू नये. आपल्याच आईची भाषा विनोदाचे साधन होता कामा नये. आणि सर्व पात्रांना एकाच सुरात बोलायला लावू नये. घरी 'मले', 'तुले' म्हणणारा माणूस साहेबांपुढे उभा राहिला की 'मला', 'तुम्हाला' म्हणण्याची धडपड करतो आणि मध्येच अडखळतो. त्या अडखळण्यात एक कथा दडलेली असते.

सज्जन आणि दुर्जन

पाटील क्रूर, सावकार लबाड, आपला नायक सर्वगुणसंपन्न : अशी वाटणी केली की कथा कळसूत्री बाहुल्यांची होते. उघड शिव्या देणाऱ्या माणसापेक्षा, आपुलकीने चौकशी करणारी, ताप आला तर काढा करून देणारी, पण कप मात्र वेगळा ठेवणारी घरमालकीण जातीचे स्वरूप अधिक खोलवर दाखवते. तिचा चांगुलपणा खराच असतो, आणि वेगळा कपही खराच असतो.

आपल्या माणसांकडेही तितक्याच निर्भयपणे पाहावे. व्यासपीठावर समतेचे व्याख्यान देऊन घरी आल्यावर पत्नीला ताट वाढायला उठवणारा कार्यकर्ता आपल्या वस्तीतही आहे. उर्मिला पवार यांच्या कथांनी जातीच्या जाचाबरोबर घरातील स्त्रीचे दुय्यमपणही उघड केले. त्याने चळवळ दुबळी झाली नाही. आपले दोष झाकणारे साहित्य इतरांचे दोष दाखवण्याचा अधिकार गमावते.

इतिहासाची पडताळणी

अनेकांना दीक्षेच्या काळावर कथा लिहावीशी वाटते. अवश्य लिहावी, पण काळ तपासून घ्यावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बडनेऱ्याहून नागपूरला निघालेला माणूस मुंबई राज्यात राहत नव्हता, महाराष्ट्रात तर नाहीच. अमरावती आणि नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. त्या प्रवाशाच्या कनवटीला आणे होते, नवे पैसे नव्हते. ते १ एप्रिल १९५७ पासून चालू झाले. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव आहे म्हणून स्वीकारू नये, ही कालामांना दिलेली शिकवण कथालेखकालाही लागू आहे.

इतिहास जेथे थांबतो तेथून पुढे मात्र कथेला मोकळे रान आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात, अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अमरावतीच्या त्या मुक्कामातच त्यांना थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता कळली. इतिहास एवढे सांगतो. यावर कथा लिहिताना बाबासाहेबांच्या तोंडी आपली वाक्ये घालण्याचा मोह टाळावा. सभागृहात सतरंज्या अंथरणारा बारा वर्षांचा एखादा मुलगा कल्पावा. त्याला वार्ता ठाऊक नाही. त्याला फक्त मंडळींचे एकाएकी हलके झालेले आवाज ऐकू येतात. महापुरुष दाराआडून पाहिला की अधिक जवळचा होतो, आणि त्याच्या नावावर असत्यही जमा होत नाही.

ज्यांची कथा, त्यांचा मान

ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या कथांतील माणसे कल्पनेतून कमी आणि घरातून अधिक येतात. मावशीने रात्री दिवा मालवल्यावर सांगितलेला अपमान हा आपल्या लेखनाचा कच्चा माल आहे, असे समजू नये. ती अजून त्याच गावात, त्याच लोकांत राहते. आत्मकथनात लेखक स्वतःला उघडे करतो. पण त्याबरोबर इतरांनाही उघडे करतो, पुष्कळदा त्यांना न विचारता. कथेने दिलेली सवलत येथे उपयोगी पडते. नाव, गाव, व्यवसाय, नाते बदलावे. दोन माणसांचे अनुभव एका पात्रात एकत्र आणावेत. वेदना तेवढी तशीच ठेवावी. आणि छापण्यापूर्वी एक कसोटी लावावी : ती मावशी चारचौघांत ही कथा ऐकत मान वर करून बसू शकेल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर कथा पुन्हा लिहावी.

पुन्हा लिहिणे

पहिला खर्डा चार-पाच पानांत, एका दमात लिहावा. पंधरा दिवस तो बाजूला ठेवावा. नंतर मोठ्याने वाचावा आणि लेखक जेथे जेथे न्यायनिवाडा करतो, तेथे तेथे पेन्सिलीने खूण करावी. त्यांतील बहुतेक वाक्ये काढता येतात. शेवटचा परिच्छेद वगळून कथा पुरी होते का, तेही पाहावे, बहुधा होते. मग ती एखाद्या वडीलधाऱ्या, कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवावी. तो जेथे चुळबुळ करील तेथे कथा सैल आहे. तो जेथे 'अस्संच होतं बापा' म्हणेल, तेथे हात लावू नये.

अण्णा भाऊ साठे यांना शाळा जेमतेम दीड दिवसाची लाभली, तरी त्यांनी 'फकिरा' लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपल्याला तर शाळा पूर्ण लाभली, वसतिगृह लाभले, वाचनालय लाभले. येत्या सुटीत गावी गेल्यावर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ एक संध्याकाळ बसावे आणि एवढेच विचारावे : लहानपणी तुम्हाला कोणती एक वस्तू फार हवी होती, आणि ती का मिळाली नाही? मिळालेले उत्तर त्याच रात्री वहीत उतरवून ठेवावे. पुढच्या स्मरणिकेसाठी कथा त्यातूनच निघेल.