छातीवर कोण बसतं?

पहाटे डोळे उघडतात. खोली तीच, पंखा तोच, शेजारी झोपलेलं माणूसही दिसतं. पण हात उचलत नाही, हाक फुटत नाही आणि दाराशी कोणीतरी उभं आहे अशी खात्री वाटते. मग ते जवळ येतं, छातीवर बसतं, श्वास कोंडतो. छत्रपती संभाजीनगरात, शहागंजच्या जुन्या वस्तीत सकाळी हे सांगितलं की एका घरात ‘साया’ म्हणतात, दुसऱ्या घरात ‘बाहेरची बाधा’. कोणी समजूत काढतं, ‘स्वप्न पडलं असेल, विसरून जा.’

ही समजूतही तितकीच चुकीची आहे. माणूस त्या वेळी खरोखर जागा असतो, खोली खरी दिसत असते. म्हणून तर ‘काही नव्हतं’ म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा ‘होतं काहीतरी’ म्हणणारा मांत्रिक त्याला जवळचा वाटतो. या अनुभवाला स्लीप पॅरालिसिस म्हणतात.

झोपेत साधारण दर दीड तासाने आरईएम हा टप्पा येतो. ठळक स्वप्नं पडतात ती बहुतेक यातच. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. या टप्प्यात मेंदूचा तळाकडचा भाग हातापायांचे स्नायू सैल पाडून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून उठून धावेल. फ्रान्सच्या मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतली ही व्यवस्था बंद पाडली, तेव्हा मांजरं झोपेतच उठून झडप घालू लागली. कधी मन आधी जागं होतं आणि स्नायूंचं कुलूप मागून उघडतं. मधले काही सेकंद, फार तर काही मिनिटं, उघड्या डोळ्यांसमोर स्वप्नाचा उरलेला भाग चालू राहतो. त्याच वेळी मेंदूतली भीतीची यंत्रणाही जोरात असते, म्हणून दिसतं ते धोक्याचंच दिसतं. काश्मिरात त्याला पसिकदर म्हणतात, जपानमध्ये कनाशिबारी, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी चेटकीण. नावं त्या-त्या गावची, पण छातीवरचं ओझं सगळीकडे सारखं.

‘श्वास बंद पडून माणूस दगावतो’ ही भीती सर्वांत मोठी असते. पण श्वासपटल हा श्वासाचा मुख्य स्नायू या काळातही चालू असतो. बरगड्यांमधले स्नायू मात्र सैल असतात, त्यामुळे मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की तो येत नाही आणि कोणी दाबतंय असं वाटतं.

‘लकवा मारला’ ही शंका वेगळी आणि गंभीरपणे घ्यायची. स्लीप पॅरालिसिसमध्ये दोन्ही बाजू सारख्याच अडकतात आणि थोड्याच वेळात पूर्ण मोकळ्या होतात. उठल्यावर तोंड एका बाजूला वाकडं दिसत असेल, एकच हात लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल तर क्षणाचाही वेळ न घालवता घाटी रुग्णालय किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठायला हवं. गुठळी विरघळवणारं औषध सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. अशा वेळी आधी उतारा आणि मग दवाखाना केला, तर तो वेळ परत मिळत नाही.

‘हे वेडाचं लक्षण आहे’ असंही म्हणतात. तसं नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलेल्या हिशोबात आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले लोक सुमारे ८ टक्के होते, विद्यार्थ्यांमध्ये तर २८ टक्के. झोप तुटली, वेळा बदलत राहिल्या की शक्यता वाढते. वाळूज-चिकलठाण्यातल्या कारखान्यांच्या पाळ्या, परीक्षेची जागरणं, रमजानमध्ये सहरीपर्यंत उघडा असणारा बाजार. शहागंजात यातलं काही ना काही घरोघरी आहे.

उशाखालचा सुरा किंवा लिंबू ‘लागू पडतो’, कारण बहुतेकांना हा त्रास क्वचितच होतो आणि भीती कमी झाली की झोप सुधारते. दुआ किंवा हरिपाठाने मन शांत होत असेल तर जरूर करावं. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैदेचा. आधीच घाबरलेल्या पोरीला असं छळणं मला सहन होत नाही.

त्या क्षणी सगळं अंग झटकायचा प्रयत्न सोडून एखादं बोट हलवायचा प्रयत्न करावा, श्वास आपोआप चालू द्यावा. घरच्यांनी खांद्याला हात लावून हाक मारली तर बऱ्याचदा हा झटका लगेच सुटतो. असं जागं केल्याने काही अपाय होत नाही. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपावं आणि झोपायची वेळ ठरवावी. वारंवार होत असेल, दिवसा अनावर झोप येत असेल, खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळ जात असेल किंवा घोरताना श्वास थांबत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. त्यामागे नार्कोलेप्सी किंवा स्लीप ॲप्निया असू शकतो आणि दोन्हींवर उपचार आहेत.